सगळ्यांचा एक फोटो: लग्नातील ग्रुप फोटोची पूर्वतयारी

पडद्यावर दिसत आहे ते पुण्यातील एक मंगल कार्यालय, आणि वेळ आहे दुपारी सव्वा एकची. मंगलाष्टके होऊन अक्षता पडल्या आहेत, पहिली पंगत बसली आहे, आणि व्यासपीठावरून मुलाच्या मामा-मामींना तिसऱ्यांदा हाका मारल्या जात आहेत. मामा मागच्या दाराशी केटररशी बोलत आहेत आणि मामी साडी बदलायला खोलीत गेल्या आहेत. तोवर उरलेली चौदा माणसे दिव्यांच्या उकाड्यात नुसती उभी आहेत.

ग्रुप फोटोतले चेहरे ओढलेले दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा भूक, उकाडा आणि खोळंबा ही तीन कारणे असतात. अनेक घरांमध्ये कन्यादान करणारे आईवडील विधी पूर्ण होईपर्यंत उपाशी असतात, आणि नेमके त्यांनाच शेवटच्या पाहुण्यापर्यंत प्रत्येक फोटोत उभे राहावे लागते. त्यांनी प्रसन्न दिसावे असे वाटत असेल, तर निदान घरच्या माणसांचे फोटो मुहूर्ताआधी उरकले पाहिजेत. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी असेल, तर त्याहून चांगली वेळ नाही, कारण दोन्हीकडची मंडळी नटूनथटून हजर असतात, कोणाला गाडी गाठायची नसते आणि जेवणाला अवकाश असतो. अंतरपाट दूर होईपर्यंत वधूवरांनी एकमेकांना पाहू नये अशी ज्या घरांची रीत असते, तेथे मुलीकडच्यांचे फोटो गौरीहरापूर्वी आणि मुलाकडच्यांचे त्याच वेळी दुसऱ्या बाजूला घेता येतात. मग दोन्ही घरांचे एकत्र असे दोन-तीनच फोटो अक्षतांनंतरसाठी शिल्लक राहतात.

यादी मात्र आधी कागदावर हवी, आणि ती दोन्ही घरांनी मिळून करायला हवी. एका ग्रुपला माणसे जमवण्यासह तीन मिनिटे धरली, तर दहा ग्रुपना अर्धा तास लागतो. यादी पंचवीसवर गेली की सव्वा तास झालाच म्हणून समजावे. त्यामुळे कोणते ग्रुप हवेत यापेक्षा कोणते वगळता येतील यावर घरात अधिक बोलणे व्हावे. ऑफिसातील सहकारी, सोसायटीतील शेजारी यांचे फोटो स्वागत समारंभात होतातच. आजी-आजोबा आणि लहान मुले यांचा फोटो सर्वांत आधी घेऊन त्यांना जेवायला मोकळे करावे. मित्रमैत्रिणी शेवटपर्यंत आनंदाने थांबतात. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आजींना व्यासपीठाच्या पायऱ्या चढवत नसतील, तर वधूवरांनी खाली उतरून त्यांच्या खुर्चीपाशी जावे.

या यादीत एक काळजी आवर्जून घ्यावी. प्रत्येक मोठ्या घरात एखादी विधवा मावशी किंवा काकू असते, जिला शुभकार्यात मागे राहण्याची सवय लावली गेलेली असते, आणि फोटोच्या वेळी ती कोणी न सांगताच बाजूला सरकते. तिचे नाव यादीत स्पष्ट लिहावे, आणि तिला हाताला धरून आणण्याचे काम एखाद्या भाचीला आधीच सांगून ठेवावे. हे आयत्या वेळी कोणाला सुचत नाही.

हाक मारण्याचे काम छायाचित्रकाराचे नव्हे, कारण त्याला आत्या कोण आणि चुलत आत्या कोण हे ठाऊक नसते. दोन्हीकडचा एकेक खणखणीत आवाजाचा भाऊ किंवा बहीण यासाठी नेमावी. एक ग्रुप उभा असतानाच त्याने पुढचा ग्रुप पायऱ्यांशी आणून ठेवला, तर सगळा खोळंबा टळतो.

जागेचा विचारही आदल्या दिवशी व्हावा. भर दुपारी उघड्यावर डोक्यावरून येणाऱ्या उन्हात डोळ्यांखाली काळोख साचतो, फेट्याची सावली कपाळावर उतरते आणि सगळे डोळे बारीक करतात. त्याऐवजी कार्यालयाचा सावलीतला व्हरांडा निवडावा. गोरज मुहूर्त असेल, तर सूर्यास्ताआधीचा अर्धा तास हाताशी असतो आणि तो मऊ उजेड वाया घालवू नये. व्यासपीठावरचे जांभळे-निळे दिवे चेहऱ्यांवर रंग फेकतात, म्हणून तेवढ्या वेळापुरते ते बंद ठेवण्यास सजावटकाराला सांगावे. तीन रांगा असतील, तर छायाचित्रकार अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत सोडणारे भोक, साधारण एफ ८ इतके लहान ठेवतो, म्हणजे मागच्या रांगेतले काकाही स्पष्ट येतात. जागा अपुरी म्हणून फार वाइड, म्हणजे जवळूनही रुंद दृश्य टिपणारी, लेन्स लावली, तर कडेची माणसे ताणल्यासारखी रुंद दिसतात. त्यापेक्षा माणसांची एक रांग वाढवणे बरे.

आता कॅमेरा वधूवरांच्या जवळ जातो. मुंडावळ्यांची एक सर नवरीच्या डोळ्यावर आली आहे, करवली ती बोटाने कानामागे सारते आहे. शेल्याची गाठ शालूला बांधलेली असल्याने दोघांना फार लांब उभे करता येत नाही, आणि जाड हारांमुळे मंगळसूत्र झाकले गेले आहे. एक-दोन फोटो हारांसह घेऊन मग हार उतरवले, की खांदेही सैल पडतात.

एकाच फ्रेमवर थांबू नये, याला गणिताचाही आधार आहे. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतील निक स्वेनसन आणि पियर्स बार्न्स यांनी, कोणाचेही डोळे मिटलेले नसावेत यासाठी किती फोटो घ्यावे लागतील, याचे गणित मांडले आणि त्यासाठी त्यांना २००६ चे गणिताचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे पारितोषिक, मिळाले. वीसपेक्षा कमी माणसे असतील, तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने आणि कमी उजेडात दोनने भागावे, असा त्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे पंधरा माणसांसाठी व्हरांड्यात पाच फोटो पुरतात, तर अंधाऱ्या सभागृहात सात-आठ लागतात.

अडचण उरते ती मोबाइलची. छायाचित्रकाराच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मोबाइल उभे राहिले, की पंधरा माणसे सहा दिशांना पाहतात. आधी छायाचित्रकार आणि त्याच जागेवरून नंतर मोबाइल, असे नेमलेल्या भावाने एकदाच मोठ्याने सांगितले, तर कोणी नाराज होत नाही. आणि मोबाइलवाले पुढे येत असताना छायाचित्रकाराने कॅमेरा खाली ठेवू नये, कारण आपला फोटो झाला असे समजून माणसे त्याच क्षणी एकमेकांशी बोलू लागतात, आणि आत्या भाचीचा पदर सारखा करते.