समजलं का?

(माहितीपट. पहाट. सातपुड्याची निळी रेघ, पायथ्याशी केळीच्या बागा. रस्त्यावर दप्तरं घेऊन चाललेली मुलं.)

चोपडा तालुक्यात ऊन तापायला लागलं की शाळा सकाळची होते. सातला घंटा. डोंगराकडच्या पाड्यांवरून येणारी पोरं त्याच्या कितीतरी आधी घरून निघालेली असतात. मी मोटारसायकलने दहा मिनिटांत पोचतो. वाटेत ती दिसतात, "सर नमस्ते" म्हणतात, मी मान हलवतो. वीस वर्षं मी याच रस्त्याने येतोय, आणि पहिल्या तासाला जांभया देतात म्हणून त्याच पोरांना रागावतोय.

मी गणित शिकवतो. बरं शिकवतो, असं माझं मत होतं. टाचण वही वेळेवर, अक्षर वळणदार, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. दर दहा मिनिटांनी "समजलं का?" आणि त्यावर एका सुरात "हो ऽऽ सर!" चाचणीत मात्र अर्ध्या वर्गाच्या उत्तरपत्रिका जवळजवळ कोऱ्या. मग स्टाफरूममध्ये चहाबरोबर आमचं ठरलेलं वाक्य: "आजकालची पोरं लक्षच देत नाहीत हो."

(रिकामा वर्ग. शेवटच्या बाकावर दप्तराला टेकवलेला मोबाइल. कॅमेरा बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.)

एकदा आठवीतला एक मुलगा तापाने आठवडाभर घरी होता. त्याला पाठवावा म्हणून तास मोबाइलवर घेतला. मोबाइल ठेवला त्याच्याच जागेवर, शेवटच्या बाकावर. रात्री पाठवण्याआधी सहज पाहायला बसलो. आणि पाठवलाच नाही.

पडद्यावर एक पाठ दिसत होती. माझी. मी फळ्यावर समीकरण सोडवत होतो आणि फळ्याशीच बोलत होतो. शेवटी बाजूला झालो, तर फळ्याचा खालचा भाग पुढच्या डोक्यांआड गेलेला. उजवीकडे खिडकीचा उजेड चकाकत होता आणि उत्तर मी नेमकं तिथे लिहिलं होतं. पंख्याच्या घरघरीत माझी निम्मी वाक्यं बुडालेली. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज तो हाच!

"साहजिकच" हा शब्द एका तासात अकरा वेळा आला. दुसऱ्यांदा पाहताना वही घेऊन बसलो. जिथे जिथे "साहजिकच" म्हटलं होतं, तिथे तिथे एक पायरी गाळली होती.

आणि प्रश्न. मी विचारत होतो आणि लगेच मीच उत्तर देत होतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलंही तोंड उघडतात. तीन सेकंद! डस्टर शोधायला मला याहून जास्त वेळ लागतो.

(फळा. खडूने लिहिलेला एकच शब्द: चल.)

पण मोबाइल मुलाच्या जागेवर होता, मुलाच्या डोक्यात नव्हता.

बीजगणितात ज्याची किंमत बदलू शकते त्या अक्षराला आम्ही ‘चल’ म्हणतो. किती वर्षं म्हणतोय. त्या आठवड्यात पहिल्यांदाच एका पोराला विचारलं, "चल म्हणजे काय रे?" या वेळी थांबलो. तो म्हणाला, "चल म्हणजे… निघायचं, सर." वर्ग हसला. तो पोरगा घरी पावरी बोलतो. मराठी त्याने शाळेत आणि एस.टी. स्टँडवर शिकलेली. त्याच्या हिशेबाने उत्तर अगदी बरोबर होतं. महिनाभर तो माझ्या तासाला बसून, हे सर ‘क्ष’ला सारखं कुठे निघायला सांगतात, असा विचार करत होता की काय, देव जाणे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं, शिक्षण जमेल तितकं मातृभाषेतून असावं, आणि मुलाला भीती न बाळगता आपलं म्हणणं मांडता यावं. माझ्या एका वर्गात अहिराणी आहे, लेवा बोली आहे, गुजरी आहे, पावरी आहे. मातृभाषा कोणती धरू? कायद्याच्या दुसऱ्या भागाला मात्र मला कुणी अडवलेलं नव्हतं.

म्हणून चिठ्ठ्या वाटल्या. "आज काय समजलं नाही ते लिहा. नाव नको." सगळ्या चिठ्ठ्यांवर थोड्याफार फरकाने एकच मजकूर: सर्व समजले, सर छान शिकवतात. आमच्या पोरांना दुनियादारी कळते. सर हस्ताक्षर ओळखतात, हे त्यांना पक्कं ठाऊक.

दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. "तुमच्या शेजाऱ्याला आज काय समजलं नसेल?"

(चिठ्ठ्यांची जवळून दृश्यं. वेगवेगळी अक्षरं. मुलांच्या आवाजात वाचन.)

"त्याला उण्याचं अधिक का होतं ते कळलं नाही. मलापण."

"ती फळ्यावरचं उतरवते. समजत नाही, पण वही पूर्ण आहे."

"तो दिवाळीपासून कापूस वेचायला जात होता. तेव्हापासूनचं त्याला काहीच येत नाही."

"सर त्याच्याकडे बघायला लागले की तो पेन खाली पाडतो."

शेवटची चिठ्ठी मी अजून पाकिटात ठेवली आहे. पेन पडायचा, हे मला दिसायचं. धांदरट म्हणून मी त्या पोराला ओरडायचोही.

(चूल. उपडं घातलेलं खापर. पुरणाचा वास दाखवता येत नाही, याचं वाईट वाटतं.)

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. खानदेशात आखाजीला आमरस आणि खापरावरचे मांडे. एका विद्यार्थिनीच्या आजी मांड्यांसाठी गावात प्रसिद्ध आहेत. त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "आजी, मला शिकवा." त्या खूप हसल्या. मग पुरण भरलेला गोळा घेतला, तळहातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवला आणि कापड टाकावं तसा खापरावर टाकला. किती वेळ लागला, ते कॅमेऱ्यालाही नीट सापडलेलं नाही.

"आजी, पिठाला पाणी किती?"

"लागी तितलं."

"आणि हात कसा फिरवायचा?"

"हात ढिला सोडा सर. आपोआप फिरस."

माझा पहिला मांडा फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्याचं पुरण चुलीत गेलं. आजींना मनापासून नवल वाटत होतं. "त्यामा काय कठीन शे?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच दिसत नव्हतं की यात कठीण काय आहे. त्यांचं ते "आपोआप" ऐकताना मला माझं "साहजिकच" ऐकू येत होतं.

१९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक प्रयोग केला होता. काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला, समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, सगळं चालू असतं. ऐकणाऱ्याला नुसती टकटक. आजींच्या डोक्यात अख्खं गाणं वाजत होतं आणि मी पिठाने माखलेल्या हातांनी टकटक ऐकत बसलो होतो.

सुटका केली नातीने. हसू दाबत म्हणाली, "सर, आजीएवढा गोळा घेऊ नका, लिंबाएवढा घ्या. कोपरापर्यंत नेऊच नका, मनगटापर्यंतच. आणि अंगठी काढा, अंगठीनेच फाटतोय."

अंगठी! आजींनी आयुष्यात मला ते सांगितलं नसतं. नात गेल्याच वर्षी शिकली होती. तिचे स्वतःचे मांडे कुठे आणि कसे फाटले, हे तिला अजून आठवत होतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात आपल्या व्याख्यानांची पद्धत यावरूनच बदलली. अवघड मुद्दा आला की आधी मुलांना शेजाऱ्याशी बोलू द्यायचं, कारण ज्याला नुकतं समजलंय तो प्राध्यापकापेक्षा बरं समजावतो. माझी नववीची पोरं आता आठ दिवसांतून एकदा आठवीत येऊन बसतात. गोंधळ होतो. मुख्याध्यापक दारातून डोकावून जातात. दोन प्रकरणं मागे पडली आहेत, हेही सांगून टाकतो. अभ्यासक्रम कधी संपवणार, या सहकाऱ्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही.

(अमळनेर. जुन्या इमारतीचा व्हरांडा.)

आमच्याकडे शिक्षकांचा कुठलाही कार्यक्रम साने गुरुजींच्या फोटोला हार घातल्याशिवाय सुरू होत नाही. हार घालून आम्ही खुर्चीवर बसतो. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, आणि वसतिगृहही त्यांच्याकडेच होतं. म्हणजे दिवसा ज्या पोराला शिकवलं, तो रात्री वही उघडून काय करतो, घरच्या आठवणीने रडतो की झोपतो, हे त्यांना रोज दिसत होतं. मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढायचे. त्यांची माया आम्ही भाषणांत सांगतो. पण त्यांची बसायची जागाच वेगळी होती, ते कुणी सांगत नाही.

(वर्ग नववी. शेवटचा बाक. दोन मुलांच्या मध्ये अवघडून बसलेले निवेदक.)

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी मी नववीच्या संस्कृतच्या तासाला जाऊन बसलो. मी संस्कृत शिकलेलो नाही. बाई उत्तम शिकवतात, सगळी शाळा सांगते. विषय होता व्यंजनसंधी. पहिलं उदाहरण समजलं. दुसऱ्याला बाई म्हणाल्या, "हे तर तुम्हाला माहीतच आहे," आणि पुढे गेल्या. फळ्यावरची खालची ओळ दिसेना. शेजारच्या पोराने न बोलता आपली वही माझ्याकडे सरकवली. तो स्वतः पुढच्याच्या वहीतून उतरवत होता. पाठीला बाकाची कड लागत होती. तिसऱ्या उदाहरणानंतर मी खिडकीबाहेर बघत होतो.

बाई वळल्या. सगळ्या वर्गावरून नजर फिरवत माझ्यापर्यंत आल्या.

"समजलं का?"

वर्ग एका सुरात म्हणाला, "हो ऽऽ बाई!"

त्यात माझाही आवाज आहे. ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतो.