बंद इनपुटमधून झिरपणारा आवाज

(पडद्यावर: इनपुट निवडणाऱ्या सिलेक्टर स्विचची खूण रिकाम्या इनपुटवर. व्हॉल्यूम हळूहळू वाढतो.)

या इनपुटला काहीच जोडलेलं नाही. तरी ऐका. शेजारच्या इनपुटवर ट्यूनर, म्हणजे रेडिओ, चालू आहे आणि त्याच्या गाण्याचा नुसता सांगाडा इथं पोचतोय. झांजेची किणकिण आहे, 'स'चे फूत्कार आहेत. खर्जाचा पत्ता नाही.

घरी बनवलेल्या प्रीअँपमध्ये, म्हणजे अँप्लिफायरच्या आधी इनपुट निवडणाऱ्या आणि व्हॉल्यूम ठरवणाऱ्या डब्यात, ही तक्रार नेहमीची, आणि खापर फुटतं ते स्विचवर. नवा महागडा स्विच मागवण्याआधी काय झिरपतंय ते नीट ऐकायला हवं. वाट कुठली, ते त्यातच कळतं.

(रोटरी स्विचची मागची बाजू, अगदी जवळून.)

हे दोन शेजारचे संपर्क. मध्ये एवढीशी हवा, पण तेवढ्यानं कपॅसिटर तयार होतो. तो १ पिकोफॅरडचा धरू. १०० हर्ट्झच्या खर्जाला तो सुमारे १६०० मेगाओमचा अडथळा घालतो, १० किलोहर्ट्झला फक्त १६ मेगाओमचा. झांज निसटते ती इथून.

१६ मेगाओमही थोडा नाही म्हणा. पण रिकाम्या इनपुटवर ग्राउंडकडे जाणारी वाट असते ती फक्त व्हॉल्यूम पॉटची (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बदलत्या रेझिस्टरची), समजा १०० किलोओमची. या हिशेबानं १० किलोहर्ट्झची गळती मूळ सिग्नलच्या जेमतेम ४४ डेसिबल खाली राहते. शांत खोलीत ती लपत नाही. त्याच सॉकेटला १ किलोओम आउटपुट इम्पिडन्सचा, म्हणजे आउटपुटला स्वतःचा तेवढा अडथळा असलेला, प्लेअर जोडा, तीच गळती ८४ डेसिबल खाली जाते. स्विच तोच, वायरही तीच! रिकाम्या इनपुटवर ऐकून प्रीअँपला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

(झिपटायनं घट्ट बांधलेल्या वायरी.)

दिसायला सुरेख. पण सगळ्या इनपुटच्या उघड्या वायरी अशा एकत्र आवळल्या, की स्विचपेक्षा जास्त कपॅसिटन्स इथंच जमतो. शील्डेड वायर वापरा, किंवा निवड सॉकेटपाशीच रिलेनं (विजेनं चालणाऱ्या स्विचनं) करा. लांब वायरींची गरजच उरत नाही.

खरा इलाज म्हणजे न निवडलेलं इनपुट ग्राउंड करणं. रिलेचा चेंजओव्हर संपर्क, म्हणजे दोन टोकांमध्ये पलटणारा संपर्क, हे आपोआप करतो. ज्या टोकावर व्होल्टेजच नाही, तिथून झिरपणार काय? आधी १ किलोओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये हवाच, नाहीतर आपण ट्यूनरचं आउटपुट थेट शॉर्ट करतोय.

इथंच एक मेख आहे. ट्यूनरचे २ व्होल्ट आता, त्याचा स्वतःचा १ किलोओम धरून, २ किलोओममधून ग्राउंडला जातात. म्हणजे १ मिलिअँपिअर. हा प्रवाह निवडलेल्या इनपुटच्याच ग्राउंड वायरमधून परतला आणि तिथं कच्च्या सोल्डरमुळे अर्धा ओम असला, तर अर्धा मिलिव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतो. ७२ डेसिबल खाली, पण खर्जासकट. म्हणून झांज गेली आणि खर्ज डोकावू लागला, तर स्विच सोडा, ग्राउंड बघा. शॉर्टचा प्रवाह ज्याच्या त्याच्या सॉकेटला वेगळ्या तारेनं परत जाऊ द्या.

(फोनवरचा टोन जनरेटर.)

तपासणी दोन सुरांवर करायची: १० किलोहर्ट्झ आणि १०० हर्ट्झ. सूर शेजारच्या इनपुटवर, निवड दुसरीकडे, व्हॉल्यूम चढा. मात्र सूर चालू असताना सिलेक्टरला हात लावू नका. त्या व्हॉल्यूमला १० किलोहर्ट्झ थेट गेला तर आधी ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, जळेल.