तालुक्याच्या शाळेतली विद्यार्थी मंडळं

(पुणे जिल्ह्यातल्या माध्यमिक शिक्षकांसमोर पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. भोर, जुन्नर, सासवड, शिरूर, इंदापूर अशा गावांहून आपण सकाळची एसटी पकडून आला आहात, तेव्हा एसटीपासूनच सुरुवात करू. तालुक्याच्या शाळेत विज्ञान मंडळ असो की वाङ्मय मंडळ, बंद पडतं ते बहुतेक वेळा वेळेपायी. बैठक शाळा सुटल्यावर ठेवतात. वाड्यावस्त्यांवरची मुलं संध्याकाळच्या गाडीला पळतात, कारण ती चुकली तर पुढचीचा भरवसा नाही. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास मुलींच्या दप्तरात असतो, पण पास आहे म्हणून गाडी थांबत नाही. दिवाळीपर्यंत मंडळात उरतात ती गावातच राहणारी सात-आठ मुलं. वर आपणच म्हणायला मोकळे, की खेड्यातल्या मुलांना आवडच नाही!

म्हणून मंडळाला वेळापत्रकातच जागा हवी. शनिवारी शाळा सकाळची असते, ते सोयीचं आहे. शेवटची तासिका मात्र घेऊ नका. सत्कार, सूचना, मैदानाची साफसफाई, शिक्षकांची सभा, सगळ्याची गदा तिच्यावरच येते. महिन्यातून दोन शनिवार, तिसरी तासिका, आठवी-नववीच्या सगळ्या तुकड्यांना एकाच वेळी. वेळापत्रक लावणाऱ्या सरांना जूनमध्येच गाठा. ऑगस्टमध्ये ते फक्त हात जोडतील.

मंडळं किती? पाचशे-सहाशे पटाच्या शाळेत तीन पुरे. फलकावर बारा नावं रंगवलेली असतात, त्यातली नऊ फक्त तपासणीच्या दिवशी जागी होतात. एका मंडळात पंचवीस-तीस मुलं, सहा-सातच्या गटांत. स्काउटमध्ये संघ सहा ते आठ जणांचा असतो, तो उगाच नाही. गट त्याहून मोठा झाला की दोघं काम करतात आणि बाकीचे बघत उभे राहतात. शालेय मंत्रिमंडळाचं तर विचारूच नका. पंतप्रधान निवडून येतो, शपथ घेतो, फोटो निघतो, आणि पुढे वर्षभर त्याला काम काय हे कुणीच सांगत नाही. पद देण्याआधी काम ठरवा.

आता एकच मंडळ जरा बारकाईने पाहू. हवामान मंडळ मुद्दाम निवडतो, कारण जी मुलं एसटीमुळे एरवी गळतात, त्यांच्यावाचून हे मंडळ चालूच शकत नाही. प्रत्येक वाडीवर एक पर्जन्यमापक ठेवायचा. साहित्य म्हणजे नरसाळं, दोन लिटरची बाटली आणि ती पडू नये म्हणून भोवती चार विटा. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास 11.3 सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ जवळजवळ 100 चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे 10 मिलिलिटर पाणी बरोबर 1 मिलिमीटर पाऊस. खोकल्याच्या औषधाचं 10 मिलिलिटरचं टोपण घरोघरी सापडतं, तेवढ्यावर भागतं. बाजारात नेमकं याच मापाचं नरसाळं मिळेलच असं नाही. 12 सेंटिमीटरचं मिळालं तर 11.3 मिलिलिटरला 1 मिलिमीटर धरा. हा हिशेब मुलांनाच करू द्या, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा तास वेगळा घ्यावा लागणार नाही. मोठ्या पावसात टोपणं मोजताना आकडा चुकतो, तेव्हा प्रयोगशाळेतलं 100 मिलिलिटरचं मोजपात्र द्या. दोन लिटरची बाटली 200 मिलिमीटरला भरते. मुळशी, वेल्हे, मावळ या बाजूला ती एका दिवसात भरून वाहू शकते, तिथे पाच लिटरचा कॅन ठेवा.

चुका ठरलेल्या आहेत. मापक झाडाखाली किंवा पन्हाळीजवळ ठेवतात. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर हवं, आणि नरसाळ्याचं तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर. उथळ नरसाळ्यातून जोराच्या सरीत थेंब बाहेर उडतात, खोल घ्या. कडुनिंबाच्या काड्या अडकतात, म्हणून रोज मोजल्यावर आतून बोट फिरवायचं. नोंद सकाळी साडेआठची. हवामान खात्याच्या शिवाजीनगरमधल्या सिमला ऑफिसातले शास्त्रज्ञही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच तोडतात, त्यामुळे आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. घोटाळा शनिवारी होतो, कारण त्या वेळी मूल शाळेत असतं. धाकट्या भावंडाला किंवा आजीला मोजायला शिकवून ठेवा. पाऊस नसेल तर 0 लिहायचं, मोजलाच नसेल तर आडवी रेघ. या दोहोंत गल्लत झाली की वर्षाची बेरीज कवडीमोल. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असं लिहायचं. 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पडला तर हवामान खात्याच्या हिशेबी तो पावसाचा दिवस, आणि 64.5 च्या पुढे जोरदार पाऊस.

ऑक्टोबरात वाडीवार बेरजा तालुक्याच्या नकाशावर मांडा. पश्चिमेचा डोंगर आणि पूर्वेचं माळरान यांतला फरक मुलांना पुस्तकाशिवाय दिसतो. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते, शाळांचे प्रकल्पही मांडले जातात. थर्माकोलच्या ज्वालामुखीपेक्षा हा नकाशा तिथे न्या.

पैशांचं थोडक्यात सांगतो. वर्गणी ऐच्छिक, रोकड शाळेच्या कार्यालयात, पावतीशिवाय खर्च नाही, आणि खजिनदार मुलाने महिन्यातून एकदा हिशेब फलकावर लावायचा. मंडळाच्या शिक्षकांनी पैसे स्वतःच्या खिशात ठेवू नयेत, अगदी दोन दिवससुद्धा.

अध्यक्ष नववीचा असावा, सचिव आठवीचा. दहावीची मुलं दिवाळीनंतर सराव परीक्षेत अडकतात, त्यांना सल्लागार करा. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेआधी एका तासिकेत ताबा द्यायचा: नोंदवही, साहित्याची यादी, शिल्लक रक्कम, कपाटाची किल्ली. संस्थेच्या शाळांत मे-जूनमध्ये बदल्या होतात आणि नोंदवही सरांच्या सामानासोबत दुसऱ्या तालुक्यात जाते. तिला ग्रंथालयाचा दाखल क्रमांक घाला, म्हणजे बदलीच्या वेळी ग्रंथपालच ती मागून घेतील.