दाढ हलली, गाल बधिर झाला

श्रोतेहो, नमस्कार. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. २०२१ च्या मे महिन्यात एक बाई ओपीडीत आल्या. कोविडमधून उठून पंधरा दिवस झाले होते. म्हणाल्या, "डॉक्टर, वरची दाढ हलतेय. आणि तोंड धुताना उजवा गाल माझा वाटतच नाही."

नाकात दुर्बीण घातली. आतली त्वचा एरवी गुलाबी, ओलसर असते. इथं ती राखाडी होती, मध्ये काळी पडलेली. टोचलं तरी रक्त नाही, आणि बाईंना कळलंही नाही. साखर चारशेच्या वर.

हा म्युकरमायकोसिस. लोक काळी बुरशी म्हणू लागले, पण बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिनीत शिरते, वाहिनी तुंबते, पुढचा भाग रक्तावाचून मरतो. काळं दिसतं ते हे मेलेलं मांस. बुरशी मारणारं अँफोटेरिसिनचं इंजेक्शन रक्तातूनच जाणार, आणि तिथं तर रक्तच पोचत नाही! म्हणून मेलेला भाग काढावाच लागतो. बाईंचा वरचा अर्धा जबडा गेला, डोळा वाचला.

या बुरशीचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या पावावर असतात. ते आपण सगळेच श्वासातून घेतो. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांना संपवतात. साखर बेसुमार वाढली, स्टेरॉईड जास्त झाले, रक्ताचा कर्करोग असला किंवा मूत्रपिंड बदललेलं असलं, की हा पहारा ढिला पडतो. मधुमेहात रक्त आंबट झालं की त्यातलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला लोह फार मानवतं. एकाचा दुसऱ्याला मात्र हा आजार लागत नाही. तेव्हा रुग्णाचं ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरं पाहिली, फार वाईट वाटलं.

तपासणी सोपी आहे. नाकातला कण काचेवर घेऊन पोटॅशचा थेंब टाकला, की सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, रिबिनीसारखे धागे दिसतात. काही तासांत कळतं.

कोविडमध्ये ऑक्सिजन लागलेल्यांना स्टेरॉईडनं जीवदान दिलं, हे खरंच. पण दम्याला, सांधेदुखीला जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या महिनोन्‌महिने घेणारे मला आजही भेटतात. तुम्ही घेत असाल तर साखर तपासा, पण गोळ्या एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून कमी करा. आणि मधुमेह असताना चेहऱ्याची एकच बाजू दुखली, बधिर झाली, नाकातून काळी खपली आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर रविवार असला तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.