रविवारचा वर्ग, मिरजेचा तंबोरा

[दृश्य : सांगली, विश्रामबाग. जिन्यावर चपलांचा ढीग.]

हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिणारे काका, शाळेत गणित शिकवणाऱ्या ताई, एक औषध दुकानदार, पॉलिटेक्निकची दोन पोरं. यातल्या कुणालाच मुंबई गाठायची नाही. आपल्या हातानं एक माहितीपट करून बघायचा, एवढीच हौस. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत मराठी नाटक उभं केलं. हौशी कलाकार इथं गल्लोगल्ली भेटतो. कॅमेरा मात्र बहुतेकदा लग्नातच दिसतो.

पहिल्या तासाला सरांनी मोबाइल पिशवीत ठेवायला लावले. डोळे मिटा, ऐका, लिहून काढा. पंखा, शेजारचा कुकर, लांबून जाणारी एसटी. प्रत्येक जागेचा असा स्वतःचा आवाज असतो. तो अर्धा मिनिट नुसता रेकॉर्ड करून ठेवायचा. संकलनात दोन वाक्यांमधली फट त्यानंच बुजते.

ट्यूबलाइटखाली काळे पट्टे का येतात, तेही कळलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात.

[दृश्य : मिरज. तंतुवाद्यांचा कारखाना. छताला टांगलेले भोपळे.]

खरी परीक्षा मिरजेत. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कारखान्यातले कारागीर चाचा जवारीला, म्हणजे तारेचा सूर खुलवण्याच्या कामाला, बसले होते. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं जरासा घासायचा, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायचं. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. तो नेमक्या जागी आला की सूर फुलतो.

मोबाइलवर मात्र तो सूर मरतुकडा आला. मोबाइल घडवलाय बोलणं पकडायला. अखंड वाजणाऱ्या सुराला तो गोंगाट समजून दाबू शकतो. मग वेगळा रेकॉर्डर आणला, आवाजाची पातळी हातानं ठरवली, माइक तंबोऱ्यापासून हातभर लांब ठेवला. आता तारेची झण्‌झण् स्वच्छ येते.

सगळ्यांचे कॅमेरे चाचांच्या बोटांवर. ताईंचा चेहऱ्यावर. घासून झालं की चाचा घोडीकडं बघतच नाहीत, समोरच्या भिंतीकडं बघत ऐकतात, हे एकट्या ताईंनी हेरलं. आमच्या माहितीपटातलं हे सगळ्यात मोलाचं दृश्य आहे, आणि ते वर्गात नव्यानं आलेल्या माणसानं घेतलंय.

[दृश्य : भोपळ्याची साल, अगदी जवळून.]

तंबोऱ्याच्या बुडाला लागणारे हे भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूनं. वेल वाढताना टिपायचं आता ठरलंय. पहिला चित्रपट काढण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप असंच, एकेक फ्रेम घेत, चित्रित केलं होतं. पेढीवरच्या काकांचे पाहुणे तिकडं शेती करतात. ट्रायपॉड वेलीपाशी ठेवायला ते तयार आहेत. शेरडं आत शिरू नयेत म्हणून भोवती काट्या रोवायच्या, तेवढं काम राहिलंय.