कच्चा लिंबू आणि पहिला व्हिडिओ गेम

नमस्कार. मुलांच्या पहिल्या व्हिडिओ गेमबद्दल बोलायला गेलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कितव्या वर्षी? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलता येईल. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना. ती सांगते, दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच. दोन ते पाच या वयात दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या देखत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये साधारण हेच सांगितलं आणि जितकं कमी तितकं बरं, अशी पुस्तीही जोडली. त्या एका तासात कार्टूनही आलंच. म्हणून माझं मत असं की पाच वर्षांच्या आधी घाई करायचं काही कारण नाही. मुलानं मागितलं नसेल तर आपण होऊन काढून देऊ नये.

पण हे उत्तर तसं कागदावरच राहतं. कारण बहुतेक घरांत मुलाचा पहिला गेम कोणी निवडलेलाच नसतो. जेवण भरवताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, लग्नाच्या हॉलमध्ये आईचा नाहीतर मामाचा फोन हातात येतो आणि त्यावर जे काही फुकटचं असेल ते सुरू होतं. मी स्वतः गेम डिझाइन करतो. मला विचाराल तर लहान मुलाची सुरुवात करून द्यायची ही सगळ्यांत वाईट रीत.

का, ते थोडं खोलात जाऊन सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा गेम खेळला असेल. कॅसेटमध्ये फुंकर मारून ती परत खोचायची... हसताय, म्हणजे खेळलात. त्यात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ होता, मूळ जपानमधला, १९८५चा. त्याची पहिली पातळी आठवा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे सगळी मोकळी जागा. कुठेही सूचना लिहिलेली नाही, पण कुठे जायचं ते कळतं. थोडं पुढे गेलं की समोरून एक तपकिरी प्राणी येतो. धडकलात तर मेलात. पण सुरुवात इतकी जवळ आहे की मरण्यात फारसं काही जात नाही. पुन्हा येता आणि या वेळी उडी मारता. अक्षरओळख नसलेलं मूलसुद्धा हे शिकतं, आणि कोणी न सांगता शिकतं. गेमचे रचनाकार शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तसं रचलं. शिवाय कॅसेट एकदा विकली की त्यांचे पैसे वसूल झालेले होते. तुम्ही रोज खेळलात काय किंवा महिन्यातून एकदा खेळलात काय, त्यांना फरक पडत नव्हता.

फोनवरच्या फुकट गेमला मात्र फरक पडतो. त्याची कमाई जाहिरातींवर आणि गेमच्या आत होणाऱ्या खरेदीवर चालते, म्हणून तो संपून चालत नाही. रोज आलात तर बक्षीस. एक दिवस चुकला तर साखळी तुटली. रंग भरायच्या साध्या गेममध्येही दर दोन चित्रांमागे जाहिरात, आणि ती बंद करायची फुली मुद्दाम बारीक. चार वर्षांच्या बोटाला ती सापडत नाही, बोट जाहिरातीवरच पडतं. मोठी माणसंही यात फसतात, तिथे मुलाचं काय घेऊन बसलात!

हे मी रागाने बोलत नाही, अमेरिकेतली प्रकरणं नोंदलेली आहेत. अ‍ॅपलच्या फोनवरच्या ऑनलाइन दुकानात पालकानं एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं पासवर्डशिवाय खरेदी होत असे. तेवढ्या वेळात मुलांनी आभासी नाणी, हिरे वगैरे घेतले. तिथल्या व्यापार आयोगानं हात घातल्यावर २०१४मध्ये अ‍ॅपलनं ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचं मान्य केलं. २०२२मध्ये ‘फोर्टनाइट’ हा गेम काढणाऱ्या एपिक गेम्स कंपनीनं नकळत बटण दाबलं जाऊन झालेल्या खरेदीपोटी साडेचोवीस कोटी डॉलर भरायची तयारी दाखवली. तेव्हा आपल्या फोनवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल, एवढी सेटिंग तरी करून ठेवा. आणि गेम उतरवून घेताना दिसणाऱ्या ‘३+’ या वयाच्या खुणेवर फार विसंबू नका. मजकुरात भीतीदायक किंवा अश्लील काही नाही, एवढंच ती सांगते. तीन वर्षांच्या मुलाला तो गेम मानवेल असं ती म्हणत नाही. बुद्धिबळाच्या अ‍ॅपलाही ‘३+’च असतं!

मग सुरुवात कशी करायची? आपल्याकडे लपाछपी, पकडापकडी खेळताना धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू करतात. तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. नियम त्याला हळूहळू, बघून बघून कळतात. व्हिडिओ गेममध्येही मूल असंच यावं : घरातल्या कोणाच्या तरी खेळात, कच्चा लिंबू म्हणून. चांगल्या गेममध्ये तशी सोय असते. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ या शर्यतीच्या गेममध्ये गाडी रस्ता सोडून जाणार नाही आणि आपोआप पुढे पळेल, अशी व्यवस्था करता येते. ‘सुपर मारिओ ओडिसी’मध्ये एकानं मारिओ चालवायचा, दुसऱ्यानं त्याची टोपी, टोपीवाल्याला चुकायची भीती जवळजवळ नाही. ‘माइनक्राफ्ट’च्या क्रिएटिव्ह प्रकारात कोणी अंगावर येत नाही, नुसतं ठोकळे रचून बांधत बसायचं.

यासाठी कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, हवंच असं नाही, ते महाग पडतं हे मलाही कळतं. घरात जुना कॉम्प्युटर असेल तर ‘जीकॉम्प्री’ हा लहान मुलांच्या गेमचा मोफत संच बसवता येतो. तो खरोखरच मोफत आहे, त्यामागे दुकान नाही. टॅब असेल तर ‘स्क्रॅचज्युनिअर’ : पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या एमआयटी आणि टफ्ट्स विद्यापीठातल्या मंडळींनी केलेला. चित्रांचे ठोकळे जोडायचे आणि मांजराला चालायला लावायचं. मी स्वतः मुलांना आधी तेच देईन, कारण त्यात मूल खेळतं कमी आणि खेळ बनवतं जास्त.

पडदा शक्यतो मोठा असावा आणि तो दिवाणखान्यात असावा. फोनवर मूल मान खाली घालतं आणि आपल्याला काही दिसत नाही. टीव्हीवर आजीही विचारते, हे काय चाललंय, आणि मूल तिला समजावून सांगतं. माझ्या मते त्यातलं निम्मं शिकणं या समजावण्यात असतं.

थांबवायचं कधी? घड्याळ बघून पातळीच्या मधोमध टीव्ही बंद केला तर मूल रडणारच. तुमच्या मॅचच्या शेवटच्या षटकात कोणी टीव्ही बंद केला तर तुम्ही काय करता? ‘दहा मिनिटं’ म्हणण्याऐवजी ‘दोन शर्यती’ म्हणा. पाच वर्षांच्या मुलाला मिनिटं मोजता येत नाहीत, शर्यती येतात. आणि दोन म्हटल्यावर दोनच. तिसरी खेळायचा मोह बापालाच होतो, असा माझा अनुभव आहे.

एका आईची चिठ्ठी आली आहे : ‘मुलगी हरली की रिमोट फेकते, काय करावं?’ हा प्रश्न गेमपेक्षा वयाचा आहे. सापशिडीतही ती हेच करत असेल. फरक इतकाच की सापशिडीत आजोबा फासा हळूच फिरवून तिला जिंकू देतात. मशीन सहसा तसं करत नाही. म्हणून काही आठवडे स्पर्धेचे गेम बाजूला ठेवा आणि दोघींना एकाच बाजूनं खेळता येईल असं काही घ्या. तुम्हीही तिच्यासमोर हरा, खोटं नव्हे, खरंच. पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेतलेल्या आईला ते फार अवघड जात नाही. तरीही फेकाफेक होत असेल तर खुशाल कपाटात ठेवून द्या आणि सहा महिन्यांनी काढा.