हुकलेल्या कॉलेजचे तास

(दृश्य: वर्ग सुटतो. काही जण दारातच घुटमळतात. एक जण बॅग पाठीला लावून थेट फाटकाकडे निघतो.)

निवेदन:

तास संपला की काही जण रेंगाळतात, काही जण निघतात. निघणाऱ्याला कधी लांबचा प्रवास असतो, कधी संध्याकाळची नोकरी, कधी घरी आजारी माणूस. कुणाचा प्रवेशच उशिरा झालेला असतो. २०२० साली तर महासाथीमुळे जगभरातल्या असंख्य मुलांचं पहिलं वर्ष स्क्रीनवरच उरकलं. पदवी पदरात पडते. पण पुढे कुणी कॉलेजच्या गमतीजमती सांगायला लागलं की ही मंडळी गप्प बसतात.

हुकतं ते नेमकं काय? गॅदरिंग, सहली, पार्ट्या, असं पटकन वाटतं. त्यांना उगाच जास्त भाव दिला जातो. मैत्री जमते ती फुटकळ वेळात. लेक्चर रद्द झालं म्हणून अचानक हाती आलेला पाऊण तास, जिन्यात उभ्या उभ्या झालेलं बोलणं, काही काम नसताना कुणाच्या तरी खोलीत लोळत पडणं. गॅदरिंगला एकत्र नाचणारी टोळी आधीच जमलेली असते.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ, खाली आकडे.)

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांचा २०१८ मधला अभ्यास या वेळेचा अंदाज देतो. नुसती ओळख जुजबी मैत्रीपर्यंत पोचायला साधारण ५० तास, खऱ्या अर्थाने मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. त्यातही एक मेख आहे. सोबत काम करण्यात गेलेले तास फारसे जमेला धरता येत नाहीत. शेजारी उभं राहून वर्षभर प्रॅक्टिकल करूनही ओळख 'रीडिंग किती आलं?' च्या पुढे जात नाही, ती यामुळेच.

आता हिशेब करू. वसतिगृहातल्या दोघांना रोज तीन तास गप्पांना मिळाले, तर २०० तास दहा आठवड्यांच्या आत भरतात. घरून ये-जा करणाऱ्याच्या हाती आठवड्याला दोनच मोकळे तास असतील, तर त्याला १०० आठवडे लागतात. मधल्या सुट्ट्या आणि परीक्षा धरा, म्हणजे पदवीच संपत येते. माणूस बुजरा असो की बडबड्या, वेळ तर द्यावाच लागतो.

योगायोगाचाही वाटा मोठा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी कुठे बसायचं ते नशिबावर सोडलं होतं. वर्षभरानंतर पाहिलं, तर त्या दिवशी शेजारी किंवा एकाच रांगेत बसलेल्यांची मैत्री इतरांपेक्षा घट्ट होती. तो पहिला दिवसच ज्याचा बुडाला, त्याचं काय झालं असेल ते उघड आहे.

(दृश्य: कोरा कागद. पेनाने मधोमध एक वर्तुळ, भोवती तीन. मधल्यापासून तिघांकडे रेघा.)

हा कागद नीट पाहा. मधल्याला तीन मित्र आहेत, बाकी तिघांना प्रत्येकी एक. त्या तिघांपैकी कुणीही आपल्या मित्राकडे पाहिलं, तर त्याचे मित्र आपल्या तिप्पट दिसतात. म्हणजे चौघांपैकी तिघांना आपणच मागे पडलो असं वाटतं. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये हे गणित मांडलं. भरपूर मित्र असलेला माणूस भरपूर जणांच्या यादीत असतो आणि फोटोही त्याचेच सारखे समोर येतात. 'सगळ्यांनी मजा केली, मीच राहिलो' यातले 'सगळे' बरेचदा हे मधले वर्तुळवाले असतात.

(दृश्य: छोटी खोली, गोलात मांडलेल्या दहा खुर्च्या.)

तास नंतरही भरता येतात. सगळंच परत मिळत नाही. विशीतला बिनजबाबदार रिकामा वेळ गेला तो गेलाच. पण माणसं मिळतात.

त्यासाठी गट निवडताना तीन गोष्टी पाहा: तीच माणसं, ठरलेला वार, आठवड्यातून एकदा तरी. नाटकाची तालीम, समूहगान, एखादा सांघिक खेळ, वाचनगट, काहीही चालेल. आठ ते बारा जण असले तर उत्तम. पन्नास जणांच्या मेळाव्यात दर वेळी नवा चेहरा भेटतो आणि तास कुणाच्याच खात्यात जमा होत नाहीत.

दहा मिनिटं आधी जा आणि संपल्यावर पंधरा मिनिटं थांबा. खरी कमाई या पंचवीस मिनिटांत असते. बुजरेपणा असेल तर एखादं काम अंगावर घ्या: खुर्च्या लावणं, हजेरी, किल्ली. मग बोलायला निमित्त शोधावं लागत नाही.

तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर एकालाच बाहेर भेटायला विचारा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण 'कधीतरी भेटू या' याला सगळे हो म्हणतात आणि कुणीच भेटत नाही. वार, वेळ, जागा आणि किती वेळ, चारही सांगा: 'शनिवारी पाचला, बागेच्या फाटकाशी, तासभर फिरू.' नकार आला तर एकदा दुसरा दिवस सुचवा. दुसऱ्यांदाही नाही आलं आणि समोरून पर्याय आला नाही, तर सोडून द्या. गटात मात्र जात राहा.

गडबड होते ती दोन-तीन भेटींनंतर. कुणी खास विचारपूस केली नाही, म्हणजे आपण त्यांना नकोसे आहोत, असं वाटून लोक जाणं थांबवतात. पहिल्या गप्पांनंतर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसं सहसा कमीच बांधतात, हे २०१८ च्या एका संशोधनात दिसलं आहे. तेव्हा तिसऱ्या भेटीला निकाल लावू नका, किमान बारा भेटी द्या. त्यानंतरही कुणाशी नावापलीकडे बोलणं होत नसेल, तर गट बदला. आणि झोप, भूक उडाली असेल, दिवस ढकलणंही जड जात असेल, तर गट शोधण्याआधी समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा.